लॅचची किल्ली

आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटला नवीन दार बसवलं तेव्हा सुताराने लॅचच्या तीन किल्ल्या हातात ठेवल्या. एक माझ्या पर्समध्ये गेली, एक यांच्या खिशात. तिसरी मी मुलाला दिली. काळ्या दोऱ्यात ओवून, स्वतःच्या हाताने त्याच्या गळ्यात घातली. तो तेव्हा तेरा वर्षांचा होता. मुलगी सोळा वर्षांची होती आणि तिथेच उभी होती.

"आणि मला?" तिने विचारलं.

"तुला कशाला? तुला दार उघडायला मी असतेच की."

ती नाक मुरडून आत गेली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मुलगा मोठा होत होता, त्याच्या हातात घराची किल्ली आली, मला उलट कौतुकच वाटत होतं. हेही म्हणाले, "आता बाप्या झाला." तो दोन दिवस उगाचच जिना चढून-उतरून दार उघडत बसला होता.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. तेव्हा मी ठाण्याला नौपाड्यातल्या एका शाळेत शिकवत होते. सकाळची शाळा, दुपारी अडीचपर्यंत घरी. त्यामुळे मी नोकरी करते आणि पोरं वाऱ्यावर आहेत, असं मला कोणी म्हणू शकत नव्हतं. संध्याकाळभर मी घरात असायचे. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मला सगळ्यांनी हीच सूट द्यायचा प्रयत्न केला. "तुमची नोकरी ना बाई, तुम्ही तरी किती करणार," वगैरे. मला ती सूट नको आहे. मी घरात होते.

मुलीचं मी डोळ्यांत तेल घालून बघायचे. तिच्या क्लासचं वेळापत्रक मला तोंडपाठ होतं. मंगळवारी फिजिक्स, सुटणार पावणेसातला, रिक्षा स्टँडवर दहा मिनिटं, घरी सात पाच. सात दहा झाले की मी खिडकीत. तिच्या चार मैत्रिणींचे नंबर माझ्या फोनमध्ये, आणि त्या चौघींच्या आयांचेसुद्धा. बेल वाजली की मी दार उघडायचे आणि आधी तिच्या तोंडाकडे बघायचे, मग घड्याळाकडे. तिला दोन्हीचा राग यायचा.

"आई, मी काय जेलमधून आलेय का?"

"उलट बोलू नकोस. हातपाय धू."

आमचं रोजचं भांडण हे एवढंच. स्वभावाने मी तापट, तीही माझीच मुलगी. पण एकदा, ती बारावीत असताना, मी दार उघडलं आणि तिचे डोळे लाल दिसले. वेळेवर आली होती, सगळं जागच्या जागी होतं, फक्त डोळे लाल होते. मी विचारलं, ती म्हणाली धूळ गेली. मी चहा टाकला आणि ओट्याजवळ स्टूल ओढून तिला बसवलं. तासाभराने कळलं. क्लासमधली काही मुलं-मुली रविवारी कुठल्याशा फार्महाउसवर जाणार होती, घरी एक सांगून भलतीकडे जायचं, तिथे पिणंबिणं सगळं. हिने नाही म्हटलं तर हिला ग्रुपमधून काढणार होते. मी आधी फार बोलले. कोण ती मुलं, कोणाची, थांब आत्ता त्यांच्या घरी फोन लावते, असं सगळं. मग तिचं रडणं बघून गप्प झाले. फोन लावला नाही. रविवारी आम्ही दोघी ठाण्याला गेलो, गोखले रोडवर तिला दोन कुर्ते घेतले, पोटभर पाणीपुरी खाल्ली. सोमवारी ती त्या मुलांच्यात बसलीच नाही.

त्या दिवशी तिच्याकडे किल्ली असती तर ती गुपचूप आत येऊन तोंड धुऊन मोकळी झाली असती. मला पत्ताही लागला नसता. पण हे मला तेव्हा सुचलं नाही. मला वाटलं, माझा धाक कामाला आला.

मुलाला यातलं काहीच नव्हतं. तो संध्याकाळी कबड्डीला जायचा. आमच्या मागच्या मैदानावर एक मंडळ होतं, चांगली पोरं तयार करायचे. आठच्या सुमाराला तो परत यायचा. लॅच उघडल्याचा खट्ट आवाज यायचा. मी आत स्वयंपाकघरात, हात कणकेत. तिथूनच ओरडायचे, "आलास का रे?" तो "हो" म्हणायचा. हॉलला लागून असलेली बंद केलेली गॅलरी ही त्याची खोली, दारातून चार पावलांवर. स्वयंपाकघराकडे यायची त्याला गरजच नव्हती. तो जेवायला ताटावर बसेपर्यंत आंघोळ झालेली असायची, केस ओले, अंगाला साबणाचा वास. आमचा मुलगा किती स्वच्छ म्हणून मी स्टाफरूममध्ये सांगायचे.

त्याच शाळेत दरवर्षी नववीच्या मुलींसाठी एक कार्यक्रम व्हायचा आणि तो माझ्याकडे असायचा. एक डॉक्टरबाई यायच्या, वयात येणं, शरीर, मैत्री, व्यसनं, नाही कसं म्हणायचं, सगळं सांगायच्या. मुली प्रश्न विचारायच्या. फार छान व्हायचा. मुलांना तेवढा वेळ खेळाचे सर मैदानावर घेऊन जायचे. मुलं खूश, आम्ही खूश. एका वर्षी मी घरी त्यासाठी तक्ते रंगवत बसले होते, मुलगी मदतीला होती. मुलगा तेव्हा चौदाचा. तो वाकून वाचत होता.

"मुलांना काय सांगतात?" त्याने विचारलं.

"मुलांना ग्राउंडवर सोडतात," मुलगी म्हणाली.

"का?"

"कारण तुम्हाला काय धाड भरलीये?" हे मी म्हणाले.

तो हसला, "भारी आहे," म्हणाला आणि बॅट घेऊन खाली गेला. बावीस वर्षं मी तो कार्यक्रम केला. मुलांना मैदानावर सोडू नका, त्यांनाही बसवा, असं एका शब्दाने कधी म्हटलं नाही. मला सुचलंच नाही, असं आता मी सांगते. न सुचणं हा काही बचाव होत नाही, हे मी वर्गात पोरांना शंभरदा ऐकवलं आहे.

मुलगा पंधराचा झाला त्या वर्षी मुलीला नाशिकला ॲडमिशन मिळाली. मी दर रात्री तिला फोन करायचे. जेवलीस का, मेसचं कसं आहे, रूममेट कशी आहे. नुसत्या "हॅलो"वरून मला कळायचं, आज काहीतरी बिनसलंय. जीव तिकडे टांगलेला. मुलगा गॅलरीत दार लावून असायचा. तो घरात आहे म्हणजे तो सुरक्षित आहे, एवढं साधं माझं गणित होतं.

तो सतरा वर्षांचा होता, बारावीत. एका गुरुवारी शाळा सुटल्यावर मी सहामाहीचे पेपर तपासत स्टाफरूममध्ये बसले होते. दुपारचा दीड वाजला असेल. अनोळखी नंबरवरून फोन आला. तुमचा मुलगा कल्याणला हॉस्पिटलमध्ये आहे, बाइकवरून पडलाय, शुद्धीत आहे, लवकर या.

"माझा मुलगा नसेल," मी म्हटलं. "तो कॉलेजमध्ये आहे. आणि त्याला बाइक येत नाही."

पलीकडच्या माणसाने त्याचं नाव सांगितलं, मग माझं सांगितलं. मग म्हणाला, "बरोबरच्या दोघांच्या घरचे नंबर असतील तर द्या, त्यांचे फोन फुटलेत आणि पोरं काही बोलत नाहीत."

एका शिक्षकांनी मला त्यांच्या गाडीतून नेलं. माजिवड्याला आम्ही अर्धा तास जागच्या जागी उभे होतो, पुढे ट्रकच ट्रक. त्या अर्ध्या तासात मी माझा फोन वरपासून खालपर्यंत तपासला. मुलीच्या मैत्रिणी होत्या, त्यांच्या आया होत्या, तिच्या क्लासचे सर, तिच्या हॉस्टेलच्या रेक्टर, तिच्या मेसवाल्या मावशी. माझ्या मुलाच्या एकाही मित्राचा नंबर त्यात नव्हता. नंबर जाऊ दे, मला नावंसुद्धा आठवेनात. एक कोणीतरी खालून शिट्टी मारायचा, एवढं माहीत होतं. शेवटी मला कबड्डीचे कोच आठवले. त्यांचा नंबर मंडळाच्या वर्गणीच्या वेळी घेतलेला होता. मी फोन लावला आणि म्हटलं, सर, आमच्या मुलाबरोबर जी दोन मुलं असतात त्यांच्या घरी कळवाल का.

ते मग म्हणाले, "बाई, तो आमच्याकडे येत नाही. आठ महिने झाले. मला वाटलं तुम्हीच अभ्यासासाठी बंद केलंत."

आठ महिने. रोज संध्याकाळी त्याची किटबॅग खांद्यावर असायची. त्यातले कपडे मी दर दोन दिवसांनी धुवायचे. आता आठवलं, गेले कित्येक महिने त्यांना मातीच नव्हती. मी त्यावर खूश होते, घासावं लागत नाही म्हणून.

तिघं एका बाइकवर होते. बाइक कोणाच्या तरी भावाची, लायसन कोणाकडेच नाही. सकाळी कॉलेजला म्हणून निघाले ते आंबिवलीच्या पुढे नदीकाठी जाऊन बसले, बिअर प्यायले आणि परत येताना शहाडच्या अलीकडे खडीवरून घसरले. दोघांना खरचटण्यावर निभावलं. आमच्या मुलाचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला होता, गुडघ्याचा चुरा झाला होता. एक तरुण डॉक्टर माझ्यासमोर त्याला प्रश्न विचारत होता.

"किती दिवसांपासून पितोस?"

"अहो, तो नाही पीत," मी म्हटलं. "आज कोणीतरी पाजली असेल."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं नाही. मुलाने छताकडे बघत सांगितलं, "दीड वर्ष."

तोंडात मारल्यासारखी मी उभी राहिले. मग मला संताप आला, आणि तो आला तो त्याच्यावर. त्या अवस्थेत, पायाला खाली-वर फळ्या बांधलेल्या असताना, मी त्याला बोलले. काय कमी केलं तुला, बाबांना काय तोंड दाखवू, असलं सगळं. नर्सने मला बाहेर नेऊन बसवलं.  त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं, बस. ते तोंड त्याने पुढे बरीच वर्षं तसंच ठेवलं.

संध्याकाळी घरून कपडे आणायला आले तर समोरच्या काकू दारात उभ्या. या मूळच्या इथल्याच, आमची बिल्डिंग त्यांच्याच शेतावर उभी आहे. मुलगी कोणाच्या स्कूटरवरून उतरली, कोणाशी कोपऱ्यावर बोलत उभी होती, हे मला त्यांच्याकडून त्याच दिवशी कळायचं. त्या डोळे पुसत म्हणाल्या, "टाकीमागं बसून सिगारेटी फुकायचा. मी कितीदा बघलाय."

"काकू, मग सांगितलं का नाहीत मला?" मी जवळजवळ ओरडलेच.

"पोऱ्या हाय तो बाई. पोऱ्याचा काय सांगाचा?"

मी दार धाडकन लावून घेतलं. आत येऊन त्यांना मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या. पण कपाटातून त्याचे कपडे काढताना हात थांबला. त्यांनी सांगितलं असतं तर मी काय म्हणाले असते, हे मला माहीत होतं. म्हणाले असते, या वयात मुलं करतात एखादी, सोडेल. मुलीबद्दल अर्धी गोष्ट कानावर आली तरी मी तिला समोर बसवत होते. मुलाबद्दल पूर्ण आली असती तरी कानावर हात ठेवले असते.

मुलगी नाशिकहून दुसऱ्या दिवशी पहाटेच पोचली. आधी त्याच्याकडे गेली. पंधरा-वीस मिनिटं दोघं बोलत होती, आणि मला बाहेरून त्याच्या रडण्याचा आवाज आला. माझ्यासमोर तो रडला नव्हता. मग ती बाहेर येऊन माझ्या शेजारी बाकावर बसली.

"तो आधी पण एकदा पिऊन आलेला, माहितीये तुला?" ती म्हणाली. "मी असताना. त्याच्या नववीच्या सुट्टीत."

"काय सांगतेस? आणि मला नाही बोललीस?"

"मी हॉलमध्ये अभ्यासाला बसायचे ना. तो लॅच उघडून आला की मी त्याला रोज थांबवायचे. इकडे ये, म्हणायचे, तोंड दाखव, हा कर. तो चिडायचा, पण करायचा. त्या दिवशी वास आला. मी त्याला दोन ठेवून दिल्या, मग दोघं गच्चीवर जाऊन बसलो. टीममध्ये त्याला घेत नव्हते, मोठी मुलं त्रास द्यायची, घाण घाण बोलायची. ते सगळं त्याने सांगितलं. परत नाही करणार म्हणाला आणि नाही केलं, आई. मी होते तोपर्यंत नाही केलं."

मी बाकावरची पर्स मांडीवर ओढून घेतली.

"तू माझं तोंड बघायचीस रोज," ती म्हणाली. "मला चोर असल्यासारखं वाटायचं. अजून राग आहे मला त्याचा. पण निदान बघायचीस. मी गेल्यावर त्याचं तोंड कोणी बघितलं?"

ती भांडायला म्हणून बोलली नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं.  मी मुलीला सांभाळत होते आणि मुलगी मुलाला. ती नाशिकला गेली तेव्हा मी तिच्या बॅगेत लाडू, चिवडा, लोणचं भरलं, तिच्याबरोबर घरातून काय निघून चाललंय ते मला दिसलं नाही.

थोड्या वेळाने नर्सने त्याच्या सामानाची प्लास्टिकची पिशवी दिली. फाटलेली जीन्स, पाकीट, एक बूट, आणि काळ्या दोऱ्यातली ती किल्ली. दोरा बदललेला होता. त्याने चार वर्षांत कधीतरी नवीन ओवून घेतला असणार.

त्याचं पुढचं थोडक्यात सांगते. पायाची दोन ऑपरेशनं झाली. पाय वाचला, अर्ध्या इंचाने आखूड राहिला. कबड्डी तर गेलीच होती. वर्ष वाया गेलं. पिणं सुटायला आणखी दोन वर्षं लागली. ते त्याने स्वतः सोडलं, कोणाच्या मदतीने, कसं, हे मला नीट माहीत नाही. बहिणीला माहीत आहे. मी त्या काळात खूप विचारायचे, अगदी पाठीस लागायचे. पण सतरा वर्षांनंतर अचानक विचारायला लागलेल्या माणसाला कोण सांगतं? त्याला त्या प्रश्नांत काळजी नाही, चौकशी ऐकू यायची.

आता तो सत्तावीस वर्षांचा आहे. भिवंडीकडे एका गोदामाच्या ऑफिसात काम करतो. आमच्याकडेच राहतो. हसतो, बोलतो, माझी औषधं आणतो, लाइट बिल भरतो. तक्रार करायला जागा नाही. मी दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले आणि तेव्हापासून एक खूळ काढलं. संध्याकाळी सहा वाजले की मी दाराला आतून कडी लावते. मग त्याची किल्ली चालत नाही. त्याला बेल वाजवावी लागते आणि मला उठून दार उघडावं लागतं.

पहिले काही दिवस तो वैतागायचा. "आई, दिवसाढवळ्या कडी कशाला?" मी म्हणायचे, "चोऱ्या होताहेत रे." हे पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "लाव गं बाई, लाव." त्यांना कळलं होतं, आणि ते बोलले नाहीत. पुढे तोही बोलायचा बंद झाला. बेल वाजवतो, मी उघडते, तो "थँक्यू मॅडम" म्हणून आत येतो.

गेल्या महिन्यात एकदा बेल वाजली. मी दार उघडलं, तो उंबऱ्याबाहेरच उभा. आत येईना. जिन्यातला दिवा त्याच्या डोक्यावर होता. म्हणाला, "आई, कडी चोरांसाठी नाहीये ना?"

मी म्हटलं, "नाही."

त्याने मान हलवली. रागावला नव्हता. बॅग खाली ठेवली, आखूड पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला आणि तोंड दिव्याकडे केलं. "बघ," म्हणाला. "नीट बघून घे."

लहानपणी डोळ्यांत औषध घालताना उभा राहायचा तसा, न हलता-डुलता उभा राहिला. मी बघितलं. कपाळावर एक आडवी रेघ आली आहे, दाढीत एक पांढरा केस आहे, डोळ्यांखाली काळं आहे. दमलाय, का काही बिनसलंय, का खूश आहे, का नुसता माझ्यासाठी थांबलाय, मला कळेना. नाशिकलाच संसार थाटलेली मुलगी फोनवर "हॅलो" म्हणाली की मी सांगते, आज नवऱ्याशी भांडलीयेस. हा हातभर अंतरावर, उजेडात, माझ्यासाठी तोंड वर करून उभा होता आणि मला त्यातलं एक अक्षर लागलं नाही.

"झालं बघून?" त्याने विचारलं.

"हो," मी खोटं बोलले, आणि त्याला आत घ्यायला बाजूला झाले.